शू ताकुमी: कोट्या, खटले आणि एक पोपट

बोरकुट
लय दिवस डोक्यात होतं की ह्या माणसावर एक धागा काढायचा. जपानी गेमवाल्यांचा विषय निघाला की आपल्याकडं मियामोतो आणि कोजिमा ह्या दोन स्टेशनांच्या पुढं गाडी जात नाही, आणि जो बाबा इतकी वर्षं खुनाच्या खटल्यात लोकांना हसवत बसलाय त्याचं नाव काढलं की समोरचा म्हणतो "कोण?"

तर ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. शू ताकुमी, जन्म १९७१, कॅपकॉममध्ये लागला १९९४ ला. कॅपकॉम म्हंजे ओसाकाची कंपनी, स्ट्रीट फायटर आणि रेसिडेंट इव्हिलवाली. तिथं शिंजी मिकामीच्या हाताखाली डायनो क्रायसिसवर राबला, दुसऱ्या भागाचा (२०००) तर हाच डायरेक्टर. डायनासोर अंगावर येतात, गोळ्या घालायच्या, असला गेम. ते संपल्यावर मिकामीनं सांगितलं की सहा महिने घे आणि तुला पायजे तो गेम करून बघ. आता दुसरा कुणी असता तर अजून मोठे डायनासोर आणले असते, ह्यानं काय केलं तर वकिलाचा गेम. बंदूक नाही, पळापळ नाही, नुसतं वाचायचं आणि साक्षीदाराला पकडायचं. सात माणसांची टीम, दहाएक महिन्यांचं काम, आणि १२ ऑक्टोबर २००१ ला गेमबॉय ॲडव्हान्सवर (निन्टेंडोचं हातात धरून खेळायचं यंत्र) 'ग्याकुतेन साइबान' आला. इंग्रजीत जो फिनिक्स राइट, एस अटर्नी म्हणून माहितीय तोच.

आता माझा मुद्दा. सगळे म्हणतात "गेम मस्त आहे आणि वर विनोदी पण आहे". हे "वर" मला पटत नाही. ताकुमीचा विनोद म्हंजे भाजीवर भुरभुरलेली कोथिंबीर नाहीये, तीच भाजी आहे. गेममध्ये तुम्ही करता काय? साक्षीदार बोलतो, तुम्ही त्याचं एकेक वाक्य पुराव्याशी ताडून बघता, आणि जिथं जुळत नाही तिथं पुरावा आपटून ओरडता. विनोदात पण तेच ना? जुळत नसलेलं दिसतं आणि हसू फुटतं. म्हंजे ज्या नजरेनं खुनी सापडतो त्याच नजरेनं हसू येतं.

उदाहरण देतो पण इथून पुढं पहिल्या खटल्याचा स्पॉयलर आहे, पहिलाच आहे आणि खुनी कोण ते गेम स्वतःच सुरुवातीला दाखवतो त्यामुळं फार रडू नका. साक्षीदार एक पेपर विकणारा. तो म्हणतो मी दुपारी १ वाजता प्रेत बघितलं. पोस्टमॉर्टेम म्हणतं मृत्यू ४ ते ५ च्या मधे. मग १ कसा वाजला रे? तर म्हणे टीव्हीचा आवाज आला, त्यात वेळ सांगितली. पण त्या दिवशी त्या वेळेला लाइट गेलेली होती! (हे वाचून मला जो काय आपलेपणा वाटला म्हणून सांगू.) मग म्हणे टीव्ही नाही, घड्याळ बघितलं. आणि ते घड्याळ म्हंजे एक पुतळा, बघून कुणाच्या बापाला कळणार नाही की हे घड्याळ आहे, कारण ते वेळ बोलून दाखवतं. म्हंजे त्याचा आवाज ऐकल्याशिवाय कळूच शकत नाही, आणि आवाज ऐकायचा तर ते हातात पायजे. प्रत्येक खोटं झाकायला आधीच्यापेक्षा येडं खोटं, माणूस घामाघूम, आणि शेवटी डोक्यावरचा टोप काढून वकिलाच्या तोंडावर फेकतो. ह्यात तपास कुठं संपला आणि विनोद कुठं सुरू झाला दाखवा मला.

चकलीचा_साचा
धागा काढल्याबद्दल दंडवत. मी पुण्यात जपानी शिकले, एनथ्री (जपानी भाषेच्या परीक्षेची मधली पातळी) झालंय, आणि खरं सांगते व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा ह्या गेमनं जास्त शिकवलं. पण तुम्ही मेन गोष्टच सोडलीत, नावं!

हीरोचं आडनाव नारुहोदो. जपानी माणूस दिवसातून शंभर वेळा हा शब्द म्हणतो, "नारुहोदो नारुहोदो", म्हणजे आपलं "अस्सं होय!" म्हणजे ह्या वकिलाचं आडनावच मुळात अस्संहोय. आणि त्याचा जो मित्र कायम कुठल्यातरी लफड्यात अडकतो त्याचं आडनाव याहारी. याहारी म्हणजे "वाटलंच होतं". त्याच्यावरून शाळेत म्हणच पडलेली असते की कुठं काही घडलं की मागे वाटलंच तर वाटलंच असणार.

आणि बोरकुट तुम्ही तो पेपरवाला सांगितलात ना, त्याचं नाव यामानो होशिओ. जपानी पोलिसांच्या बोलीत यामा म्हणजे केस आणि होशी म्हणजे आरोपी, ज्याने केलं तो. म्हणजे नावातच सांगितलंय की बाबा केसमधला गुन्हेगार मीच. मला हे कळलं तेव्हा मी बसमधे एकटी हसत होते, शेजारच्या काकू सरकून बसल्या.

खमंग_काकडी
म्हणजे थोडक्यात पीजे. आडनावावरून कोट्या आपण सातवीत करायचो, त्याला कुणी डिझायनर म्हटलं नाही.

चकलीचा_साचा
@खमंग_काकडी हो, पीजेच. जपानीत त्याला दाजारे म्हणतात, आणि दुसरा शब्द तर अजून भारी आहे, ओयाजी ग्यागु, म्हणजे शब्दशः काकालोकांचा विनोद. प्रत्येक लग्नात एक काका असतात ना तसले. पण नाव हा पीजे असला तरी तो एकदाच फुटतो, त्यानंतर ते माणसाचं नाव होऊन जातं आणि तिसऱ्या भागापर्यंत त्याच माणसासाठी आपल्या डोळ्यात पाणी येतं. हे सातवीत जमत नव्हतं.

तालुका_कोर्ट
नमस्कार. मी व्यवसायाने वकील, फौजदारी, एकोणीस वर्षं झाली. मुलाने हा धागा दाखवला. वरचं वर्णन वाचून एवढंच म्हणतो की आमच्याकडे उलटतपासात असं ओरडून टेबलावर हात आपटला तर न्यायाधीश समज देतील आणि दुसऱ्यांदा केलं तर बाहेर काढतील. साक्षीदार टोप फेकत नाही, तो शांतपणे "आठवत नाही" म्हणतो. आणि खटला किती दिवसात संपतो या गेममध्ये?

बोरकुट
@तालुका_कोर्ट साहेब तीन दिवस. जास्तीत जास्त तीन दिवस, मग निकाल.

तालुका_कोर्ट
तीन दिवसांत आमच्याकडे नक्कल मिळत नाही. हा विनोदी गेम आहे हे आता पटलं.

उत्तरेची_खिडकी
हाहा वकीलसाहेब. मी न्यू जर्सीत असते, मी हे सगळं इंग्रजीतून खेळलेय त्यामुळे माझ्यासाठी तो फिनिक्सच. इंग्रजीत हे यायला २००५ उजाडलं, डीएसवर (गेमबॉयनंतरचं निन्टेंडोचं हातातलं यंत्र), आणि अलेक्झांडर ओ. स्मिथने पहिल्या भागाचं भाषांतर केलं, दुसऱ्यापासून जॅनेट शू यांचं नाव दिसतं. त्यांनी कोट्या शब्दशः आणल्याच नाहीत, नव्या पाडल्या. तुमचा तो यामानो इंग्रजीत फ्रँक सॉविट आहे, म्हणजे मी पाहिलं हो असं म्हणणारा. वाटलंच आडनावाचा मित्र इंग्रजीत लॅरी बट्झ.

पण एक गोची झाली ती फार गोड आहे. इंग्रजीत त्यांनी सगळी कथा अमेरिकेत हलवली. हीरोची असिस्टंट मूळ जपानीत रामेनसाठी जीव टाकते, इंग्रजीत बर्गरसाठी. ठीक आहे, चाललं. पण मग पुढच्या भागात आत्म्यांना अंगात बोलावणाऱ्या बायकांचं डोंगरातलं अख्खं गाव आलं, तातामीच्या चटया, किमोनो, देव्हारे, आणि आम्ही इंग्रजीवाले म्हणतोय हे कॅलिफोर्नियात कुठे आलं गं बाई. त्याला चाहत्यांनी जॅपनिफोर्निया असं नावच देऊन टाकलंय. भाषांतर करणाऱ्यांना पहिल्या भागात काय माहीत की ताकुमी पुढे काय वाढून ठेवणार आहे.

गल्ली_नंबर_सात
माझी पण आठवण टाकतो. डीएसवर माइक होता आणि ह्या गेममधे बटण दाबून माइकमधे खरंच ओरडता यायचं ऑब्जेक्शन म्हणून, मी होस्टेलला रात्री दोन वाजता पांघरुणात तोंड घालून ओरडलो तर गेमला ऐकू गेलं नाही पण वॉर्डनला गेलं. आणि हो ती कार्ट्रिज मी जुन्यातली घेतली होती ऑनलाइन, महिन्याचे मेसचे पैसे घालून, ती निघाली डुप्लिकेट, तिसऱ्या खटल्यात सेव्ह केलं की सगळं गायब व्हायचं. म्हणून मी पहिला खटला चार वेळा जिंकलोय. त्या पेपरवाल्याचे सगळे डायलॉग पाठ आहेत, आणि चौथ्यांदा पण टोपाला हसलो.

बोरकुट
@गल्ली_नंबर_सात मित्रा 😂 ओरडण्यावरून सांगतो, जपानी भागात वकिलाचा तो "इगिआरी!" आवाज कुणाचा माहितीय का? खुद्द ताकुमीचा. टीम सात जणांची, कलाकार बोलवायला पैसे कुठले. समोरचा सरकारी वकील मित्सुरुगी, म्हंजे इंग्रजीतला एजवर्थ, त्याचा आवाज चित्रं काढणारा तात्सुरो इवामोतो, आणि तो म्हातारा खडूस सरकारी वकील येतो ना शेवटी, त्याचा आवाज संगीत देणाऱ्या सुगिमोरीचा. म्हंजे ऑफिसातल्या गणपतीच्या नाटकासारखं, जो मोकळा दिसेल त्याला उभं केलं.

इगिआरी म्हंजे "हरकत आहे". अजून दोन आरोळ्या आहेत, "मात्ता!" म्हंजे थांब, आणि "कुराए!" म्हंजे… चकलीताई सांगा.

चकलीचा_साचा
कुराए म्हणजे "खा!" असंच साधारण. मार खा, झेल आता, ह्या अर्थाने. पुरावा दाखवताना म्हणतो. मराठीत "हे घे!" बरोबर बसतं पण मला "खा आता!" जास्त आवडेल.

आणि ग्याकुतेन साइबान मधलं ग्याकुतेन म्हणजे बाजी पलटणं. हरता हरता सामना फिरवणं, बेसबॉलमधे पण तोच शब्द वापरतात.

तालुका_कोर्ट
कोर्टात मराठीत "हरकत" हाच शब्द आहे, "हरकत नोंदवून घ्यावी" म्हणतो आम्ही. ओरडत नाही. ओरडावंसं वाटतं ते वेगळं.

खमंग_काकडी
सगळे कौतुक करताय म्हणून कुणीतरी वाईट बोलायला पाहिजे. मी तिन्ही भाग खेळलोय. दुसऱ्या भागातला तो सर्कशीचा खटला आठवा. त्यात तो जोकर साक्षीदार म्हणून येतो आणि एकामागून एक फालतू जोक मारतो, तेच तेच, आणि आपण बटण दाबत बसायचं. ताकुमीला वाटलं असेल की जोकर विनोदी नसणं हाच विनोद आहे, पण अर्धा तास? बोरकुटचा मुद्दा मला तत्त्वतः मान्य आहे, पण त्या खटल्यात विनोद आणि तपास वेगवेगळ्या खोल्यांत बसलेत. जोकर जोक मारतो ते जोक कशालाच लागू होत नाहीत.

बोरकुट
@खमंग_काकडी हे मान्य. सर्कस मी पण दुसऱ्यांदा खेळताना ढकलत नेली. पण ह्यानं माझंच म्हणणं सिद्ध होतंय की, जिथं जोक नुसताच जोक आहे तिथं ताकुमी पडतो.

उलट पहिल्या भागातली सिक्युरिटीवाली मावशी घ्या, ओल्डबॅग, जपानीत तिला सगळे ओबाचानच म्हणतात. तिला एक प्रश्न विचारला की ती सुरू होते ती थांबतच नाही. आणि ते दाखवलंय कसं बघा, ह्या गेममधे अक्षरं एकेक करून टकटकटक उमटतात, माणूस अडखळला की अक्षरं अडखळतात, धक्का बसला की स्क्रीन हलते, आणि मावशी सुटली की अक्षरं एवढी भराभर पळायला लागतात की वाचायच्या आत पुढची ओळ येते. आवाज नाहीये, नुसती अक्षरं, तरी तुम्हाला ऐकू येते ती बाई! गॅलरीत उभी राहून बोलणारी प्रत्येक काकू त्या वेगात आहे. आणि त्या बडबडीतच कामाची माहिती दडलेली असते. तुम्ही कंटाळून बटण दाबत सुटलात तर खटला हरलात.

ताकुमीला हातचलाखीचे, जादूचे खेळ करायचा शौक आहे, चौथ्या भागात तर जादूगारांचं आख्खं घराणंच आहे. जादूगार एका हातानं रुमाल हलवतो तेव्हा तुम्ही दुसऱ्या हाताकडं बघत नाही. ताकुमीचा रुमाल म्हंजे विनोद.

उंबरठ्यावरचा
पहिल्यांदाच लिहितोय इथं, सांभाळून घ्या. मी गेम खेळत नाही फारसं पण तमाशा भरपूर बघितलाय लहानपणी, आजोबांच्या खांद्यावर बसून. वरचं सगळं वाचून मला बतावणी आठवली. सोंगाड्या काहीतरी उलटं बोलणार आणि दुसरा त्याला टोकणार, आणि मजा सगळी त्या टोकण्याच्या वेळेत. लगेच टोकलं तर मजा जाते, उशीर झाला तर पण जाते. तसं काही आहे का ह्यात?

चकलीचा_साचा
@उंबरठ्यावरचा अहो नेमकं धरलंत! जपानमधे त्याला मानझाई म्हणतात, दोन माणसं उभी राहून, एक येडपट बोलणारा तो बोके, एक टोकणारा, ते त्सुक्कोमी. आणि मानझाईचं माहेर कुठलं तर ओसाका, जिथे कॅपकॉम आहे.

ह्या गेममधे टोकणारा कोण, तर हीरो स्वतः, पण तोंडाने नाही, मनात. कोर्टात सगळे येडे, न्यायाधीश दाढीवाला आजोबा तो पण भोळा, पोलिस येडा, साक्षीदार येडे, आणि मधे हा एकटा शहाणा, ज्याला मोठ्याने काही बोलता येत नाही. त्याच्या मनातलं कंसात, निळ्या अक्षरात येतं. म्हणजे न्यायाधीश काहीतरी अचाट बोलतात, हीरो तोंडाने "होय महाराज", आणि खाली निळ्यात मनातलं. सोंगाड्याला टोकणारा पण गप्प राहून टोकणारा!

उंबरठ्यावरचा
म्हणजे आमच्या ऑफिसातला मी.

उत्तरेची_खिडकी
शिडीचा जोक कुणी काढलाच नाही अजून! हा अख्ख्या मालिकेत पुन्हा पुन्हा येतो. खुनाच्या जागेची पाहणी चाललीय, कोपऱ्यात एक शिडी. असिस्टंट म्हणते, अय्या शिडी. हीरो म्हणतो, शिडी नाही, उघडून उभी राहते ती आहे, घडीची. ती म्हणते मग काय फरक पडतो, एवढ्या संकुचित नजरेने जगाकडे बघू नये. संपलं. खटल्याशी काडीचा संबंध नाही. पण पुढच्या भागात वेगळे वकील, वेगळी असिस्टंट, आणि परत कोपऱ्यात शिडी, परत तेच भांडण. ताकुमी ज्या भागात नव्हता तिथे पण दुसऱ्यांनी तो चालू ठेवला.

गल्ली_नंबर_सात
मराठीत ह्याला तर अजून धार येईल कारण रंगारी लोक घडीच्या शिडीला घोडा म्हणतात. "अय्या शिडी." "शिडी नाही, घोडा आहे." "कुठंय घोडा??" माझ्या बाबांचं पेंटिंगचं काम, आमच्या घरात हे भांडण खरंच झालेलं आहे, आईनं आणलेली शिडी आणि बाबांना पायजे होता घोडा.

बोरकुट
@गल्ली_नंबर_सात ह्या धाग्याचं सार्थक झालं.

मग नावं पण पाडूया का मराठीत? नारुहोदो = ॲड. अस्संहोयकर.

चकलीचा_साचा
याहारी = वाटलंचवार. विदर्भातला.

उत्तरेची_खिडकी
फ्रँक सॉविट = श्री. पाहिलेकर.

गल्ली_नंबर_सात
पगार कापला जाणारा तो गरीब पोलिस, गमशू, त्याचं काय? जपानीत काय नाव आहे त्याचं?

चकलीचा_साचा
इतोनोकोगिरी. म्हणजे नक्षीकाम करायची ती बारीक पात्याची करवत असते ना, ती. त्याचा दर वेळेला सरकारी वकील पगार कापतो आणि तो नूडल्स खाऊन दिवस काढतो.

तालुका_कोर्ट
इन्स्पेक्टर करवतकर. आणि ती बडबडणारी साक्षीदार, मावशी, तिचं "श्रीमती थांबवते" ठेवा. कारण कधीच थांबवत नाही.

बोरकुट
वकीलसाहेब 🙏🙏 ओयाजी ग्यागुचे मानकरी.

हापूस_आणि_हिशेब
माझी मुलगी चौदा वर्षांची, ती द ग्रेट एस अटर्नी खेळते, आणि मी बाजूला बसून स्वेटर विणते, त्यामुळे मला सगळी गोष्ट माहीत आहे आणि हातात रिमोट एकदाही घेतलेला नाही. तो पण ह्याच गृहस्थांचा ना? जपानमधे २०१५ आणि २०१७ ला दोन भागात आला, इंग्रजीत दोन्ही मिळून २०२१ ला. त्यात जुन्या काळातलं लंडन आहे, अस्संहोयकरांचे पूर्वज तिथे शिकायला जातात. शेरलॉक होम्स आहे, पण इंग्रजीत नाव बदलून हरलॉक शोम्स केलंय, मुलगी म्हणाली तशी नक्कल पूर्वी एका फ्रेंच लेखकानेच करून ठेवली होती, तीच उचलली.

आता त्यातली गंमत. हा होम्स भयंकर आत्मविश्वासाने एका माणसाकडे बघून निष्कर्ष काढतो आणि तो सगळाच्या सगळा चुकलेला असतो. टाळ्या, दिव्यांचा झोत, गिरक्या, बोटं टिचकवणं, सगळं आहे, फक्त उत्तर चूक. मग आपल्या वकिलाने ते सगळं परत पहिल्यापासून फिरवायचं, पण त्याला नकार न देता, फक्त एकेक शब्द बदलत जायचं, जिथे तो म्हणाला ह्या वस्तूकडे बघ तिथे शेजारच्या वस्तूकडे बघायचं. आणि त्याचंच भाषण बरोबर होतं! मुलगी हसत होती आणि मी विचार करत होते की सासरी सतरा वर्षं मी दुसरं काय केलं.

आणि नात्सुमे सोसेकी आहे त्यात, खरा लेखक, जो १९०० ते १९०२ खरंच लंडनला होता आणि तिथे अगदी खचून गेला होता. गेममधे त्याच्यावरच आरोप आहे. तो घाबरून चार चार अक्षरी जड शब्द तोंडावर आपटतो, एखाद्या मास्तरांनी पेपर चोरल्याचा आळ आल्यावर संस्कृतात बोलावं तसं. त्याच्या मांजराचं नाव वागाहाई. मुलीने त्यावरून नंतर सोसेकीचं मांजराच्या तोंडून लिहिलेलं पुस्तक लायब्ररीतून आणलं. मी आजवर तिला पुस्तक आण म्हणून सांगून थकले होते.

खमंग_काकडी
@हापूस_आणि_हिशेब सासरचं वाक्य कोरून ठेवण्यासारखं आहे.

होम्सचं मान्य, तो ताकुमीचा सगळ्यात चांगला विनोद आहे. पण मधला काळ? चौथा भाग, २००७, अपोलो जस्टिस. तिसऱ्याला (२००४) गोष्ट नीट मिटवली होती. मग चौथ्यात जुना हीरो परत आणला तोही सनद गेलेला, दाढीचे खुंट, पत्ते खेळतोय. मला पहिल्या दोन तासात हसू आलंच नाही.

बोरकुट
यायला नको पण होतं असं माझं मत. निळ्या अक्षरात ज्याचं मन आपण तीन भाग वाचत आलो तो माणूस आता समोर बसलाय आणि त्याच्या मनातलं आपल्याला दिसत नाही. टोकणाराच कोडं झाला. मला ते फार आवडलं, पण मान्य आहे की बरेच लोक खवळले होते.

त्या भागात ज्युरीचा विषय पण आहे, तो हवेतून आलेला नाही. जपानमधे सामान्य नागरिकांना न्यायाधीशांसोबत बसवायचा कायदा २००४ ला झाला आणि २००९ पासून तसे खटले चालू झाले, सहा नागरिक आणि तीन न्यायाधीश. गेम त्याच्या मधेच २००७ ला आलेला. आणि जपानमधे फौजदारी खटल्यात दोषी ठरण्याचं प्रमाण ९९ टक्क्यांच्या वर आहे. ह्या पार्श्वभूमीवर प्रत्येक वेळी निर्दोष सोडवणारा वकील हाच एक मोठा जोक आहे, जरा कडवट.

तालुका_कोर्ट
९९ टक्के? आरोपीचा वकील मग करतो काय तिथे?

चकलीचा_साचा
नारुहोदो म्हणतो.

गल्ली_नंबर_सात
🔥🔥

उत्तरेची_खिडकी
घोस्ट ट्रिकबद्दल कुणीच नाही? माझा सगळ्यात लाडका. २०१०, डीएसवर. हीरो पहिल्याच मिनिटाला मेलेला आहे, प्रेत उलटं पडलंय आणि त्याला आठवतच नाही आपण कोण. आता तो आत्मा म्हणून वस्तूंमध्ये शिरू शकतो, पंखा फिरव, दिवा हलव, आणि कुणी मेलं तर मृत्यूच्या चार मिनिटं आधीपर्यंत मागे जाऊन ते टाळायचं. म्हणजे सगळ्या खेळात माणूस मेलेला आणि तुम्ही पूर्ण वेळ हसताय.

आणि त्यात मिसाइल आहे. छोटा पोमेरेनियन कुत्रा, जो पूर्ण गेम वेल्कम वेल्कम करत आनंदाने भुंकतो. ताकुमीच्या घरी खरंच मिसाइल नावाचा पोमेरेनियन होता, तोच घेतला. पुढे काय होतं सांगत नाही, पण शेवटाला मी किचनमध्ये उभी राहून रडले आणि नवरा विचारतोय कोण गेलं, मी म्हटलं कुत्रा, तो म्हणाला आपल्याकडे कुत्रा नाहीये.

हापूस_आणि_हिशेब
हे आता मिळतात कुठे?

उत्तरेची_खिडकी
पहिले तीन भाग एकत्र आहेत, स्विचवर, प्लेस्टेशनवर, कॉम्प्युटरवर, फोनवर पण. घोस्ट ट्रिक २०२३ ला परत आलाय. अपोलोवाले २०२४ मधे एकत्र आले. जुन्यातल्या कार्ट्रिजच्या नादी लागू नका, @गल्ली_नंबर_सात साक्षीला आहेत.

गल्ली_नंबर_सात
शपथेवर सांगतो.

तालुका_कोर्ट
सोमवारी लिहिलं होतं, आज शनिवार. मुलाच्या फोनवर पहिला भाग चालू केला, निव्वळ तुम्ही लोक काय म्हणता ते पाहायला म्हणून. तीन खटले जिंकलो. पहिल्यात दोनदा दंड बसला कारण मी प्रत्येक वाक्याला हरकत घेत होतो, सवय. चौथ्यात अडकलो आहे.

परिस्थिती अशी. सरकारी वकील तो म्हातारा खडूस, बोरकुट म्हणाले तो. साक्षीदाराची ओळख पटत नाही. सरकारी वकील मला कुत्सितपणे म्हणतो की मग साक्षीदाराच्या पोपटाचा उलटतपास घेता का. आणि माझ्या अशिलाचा वकील, म्हणजे मीच, म्हणतो हो, घेतो. पोपट आता साक्षीदाराच्या पिंजऱ्यात आहे. एकोणीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये मी असं काही केलेलं नाही.

अडचण ही की आदल्या दिवशी मी स्वतः त्या पोपटाकडून एक महत्त्वाचं वाक्य ऐकलेलं आहे. आज कोर्टात तो ते वाक्य बोलत नाही.

बोरकुट
साहेब, रात्रीत त्याला कुणीतरी नवीन पढवलंय. दुसरं काहीतरी विचारा. नाव विचारा, तिजोरीचा नंबर विचारा.

तालुका_कोर्ट
म्हणजे पोपट फितूर झाला.

खमंग_काकडी
कोर्टात पोपट झाला म्हणायचं साहेब.

तालुका_कोर्ट
त्याचा नाही, माझा. नाव विचारलं, नीट सांगितलं. नंबर विचारतो आता. मुलगा फोन परत मागतोय, त्याला म्हटलं साक्ष चालू आहे.